उन्हात उतरलेली रेघ

सासू, सून आणि नणंद अशा तिघी एका गोष्टीत आल्या की ऐकणारे आधीच कान टवकारतात. त्यांनी खुशाल टवकारावेत. पण या तिघींचं बिनसलं ते दागिन्यांवरून नाही की स्वयंपाकघरावरून नाही. ते एका पेटीवरून बिनसलं, आणि तेही एकीचा दुसरीवर नको तेवढा जीव होता म्हणून.

सुनेला सगळे घार म्हणत. हे नाव नणंदेनंच ठेवलेलं. तेव्हा घार सून नव्हती. प्रयोगशाळेत नवी लागलेली इंजिनिअर होती आणि पडद्यावरचा एक आकडा हलला तरी तिची मान वर व्हायची. नणंदेनं, म्हणजे ताईनं, तिला आधी कामासाठी हेरलं आणि मग भावासाठी. "एका दगडात दोन पक्षी," असं ताई चारचौघांत सांगायची, आणि घार म्हणायची, "त्यातला एक पक्षी तुमचा भाऊ. त्याला लागलं का ते विचारा."

पेटी लशीची होती. लस गावोगाव न्यायची तर पेटीत बर्फ भरावा लागतो, हे सगळ्या जगाला ठाऊक. ताईनं तो बर्फच काढून टाकला. तिनं एक मेण तयार केलं होतं. ते पाच अंशांना गोठायचं आणि पाच अंशांनाच वितळायचं. पेटीच्या भिंतींत ते भरून आदल्या दिवशी गोठवून ठेवायचं. मग बाहेर कितीही ऊन असो, मेण आपलं सावकाश वितळत राहतं, आणि ते पुरतं वितळेपर्यंत आतला पारा पाचावरून हलत नाही. मेणाचं पेटंट ताईच्या नावावर होतं. पेटीतलं तापमान दूरच्या खोलीत पडद्यावर दाखवणाऱ्या सेन्सरचं पेटंट दोघींच्या नावावर. दोन्ही प्रमाणपत्रं घरी भिंतीवर काचेत लावली होती, आणि सासू रोज कामावर निघण्याआधी त्या काचा फडक्यानं पुसून काढायची.

सासू परिचारिका. उभा जन्म मुलांना लस टोचण्यात गेलेला. लेकीनं काय केलंय ते तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण पटत नव्हतं. बर्फाशिवाय लस नेणं म्हणजे तिच्या लेखी चुलीशिवाय स्वयंपाक.

"मेण ते मेण," ती म्हणायची. "ऐन उन्हात दगा देईल."

"आई, मेणाचं तुझ्याशी वैर आहे का काही?" ताई विचारायची.

"माझ्याशी नाही गं. तुझ्याशी नसावं एवढंच म्हणते."

त्या उन्हाळ्यात दगडखाणीच्या वस्तीत घटसर्प शिरला. दोन लहान मुलं घसा आवळून गेली. वस्ती सासूच्याच केंद्राच्या हद्दीत येत होती, आणि लसीकरणाचे मोठे साहेब बरेच दिवस म्हणत होते की ही नवी पेटी एकदा खऱ्या उन्हात, खऱ्या कामावर बघायची आहे. वस्तीपेक्षा जास्त ऊन कुठे मिळणार होतं? ठरलं. सकाळी केंद्राच्या अंगणात माणसांची ही गर्दी झाली. साहेब, त्यांची माणसं, फोटो काढणारे. सासूनं आतल्या खोलीत पेटी भरली, झाकण लावलं, गाडीत ठेवली. ताईनं आईच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. सासू त्या फोटोत हसत नाहीये, हे घारीच्या नंतर लक्षात आलं.

दुपारी, सासू वस्तीत टोचत असताना, साहेब, ताई आणि घार शहरातल्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसले होते. पडदे ओढलेले, पंखा गरगरत होता, टेबलावर पाण्याचे ग्लास आणि एक फाईल. त्या फाईलवर साहेबांची सही झाली की पेटी सगळ्या केंद्रांना जाणार होती. समोरच्या मोठ्या पडद्यावर एक हिरवी रेघ सरळ पुढे सरकत होती. रेघ दोनाच्या खाली किंवा आठाच्या वर गेली तर लाल होणार आणि भोंगा वाजणार, अशी व्यवस्था घारीनंच केली होती. अधेमधे काहीही झालं तरी ती हिरवीच राहणार.

रेघ पाचावर होती. साहेब खूश होते. ताई त्यांना मेणाबद्दल सांगत होती, आणि ताई मेणाबद्दल बोलायला लागली की तिला थांबवणं कठीण.

तेवढ्यात रेघ खाली उतरली.

फार नाही. पाचावरून जरा खाली, मग आणखी जरा खाली. साहेबांनी मान पुढे केली. "बाहेर अंगाची लाही होतेय आणि तुमच्या पेटीत आणखी गार! कमाल आहे बुवा."

ताई हसली. हसता हसता तिनं रेघेकडे पाहिलं, आणि लगेच नजर फाईलकडे वळवली. घारीनं ती नजर टिपली, आणि ती खुर्चीत सरळ बसली.

कारण मेण थंडी धरून ठेवतं, थंडी तयार करत नाही. खाणीवर दगड तापून फुटायची वेळ, आणि बर्फ नसलेली पेटी आपणहून गार व्हायला लागली? पाणी आपणहून चढ चढत नाही. पेटीत थंडी आली असेल तर ती कुणीतरी घातली असणार. आणि पेटी भरली होती एकाच माणसानं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती, आणि ती फक्त या दोघींनाच ठाऊक होती. सेन्सर लशीच्या कुप्यांमध्ये नव्हता, तो मेणात पुरलेला होता. सुरुवातीला तो कुप्यांमध्येच लटकवलेला असायचा. पण झाकण उघडलं, हात आत गेला, की रेघ उडी मारायची. पडद्यावर नुसते करवतीचे दाते दिसायचे. बघायला येणारे घाबरायचे. मग ताई म्हणाली, मेणात बसवू, आणि घार म्हणाली, चालेल. रेघ अशी देखणी आली की दोघींनी एकमेकींना टाळी दिली, आणि पेटंटच्या अर्जात तसंच चित्र काढून पाठवलं. तेव्हापासून पडदा मेणाची तब्येत सांगत होता. कुप्यांची सांगत नव्हता. सगळं मेण पुन्हा गोठून पाचाखाली जाईल एवढा गारठा ज्या पेटीत शिरला, तिथे त्या गारठ्याला खेटून बसलेल्या कुप्यांचं काय झालं असेल?

"पाणी आणते," असं पुटपुटून घार बाहेर आली. पाण्याचे ग्लास भरलेलेच होते. ताईनं मान वर केली नाही.

जिन्याजवळ उभं राहून तिनं सासूला फोन लावला. पलीकडे पोरांची रडारड, बायकांचा गलका.

"आई, पेटीत काय आहे?"

"लस आहे. दुसरं काय असणार?"

"आई, मी पडद्यासमोर बसलेय. पेटीत काय आहे?"

सासूच्या मागचा गलका दूर गेला. मग बोलली ती हळू आवाजात, बहुतेक चार पावलं बाजूला जाऊन. "दोन आइसपॅक ठेवलेत. कडेला. उन्हात मेणानं माघार घेतली तर आधार म्हणून. तिच्या साहेबांसमोर रेघ वर जायला नको, म्हणून गं."

"पॅकना घाम सुटू दिलात?"

हे विचारताना घारीला आपल्याच सासूला पाढे म्हणायला लावल्यासारखं वाटलं. डीप फ्रीजरमधला पॅक कधी तसाच पेटीत घालायचा नसतो. तो टेबलावर ठेवायचा, त्याला घाम सुटू द्यायचा, कानाशी धरून हलवला की आत पाणी वाजायला हवं. मगच तो लशीजवळ न्यायचा, नाहीतर लस गोठते. सासूनं हे किती मुलींना शिकवलं असेल त्याची गणती नाही.

"कुठे ठेवणार होते घाम सुटायला?" सासू म्हणाली. "अंगणातून सगळे खिडकीत डोकावत होते. बर्फाशिवायची पेटी म्हणून फोटो काढत होते. त्यांच्यासमोर टेबलावर पॅक मांडू? तिचं हसं झालं असतं. फ्रीजरमधून काढले, फडक्यात गुंडाळले, घातले." मग पुटपुटली, "फडकं जाड होतं."

सबंध आयुष्यात जी चूक केली नाही ती लेकीच्या मायेपोटी केली होती, आणि ती लपवायची होती म्हणूनच ती चूक झाली होती. घारीला रागही येईना आणि रडूही येईना.

"टोचलीत किती जणांना?"

"पहिली रांग झाली."

"आई, रांग थांबवा. शेक टेस्ट करा. आत्ता."

"करते," सासू म्हणाली. मग विचारलं, "तिला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग थांब जरा. मला आधी बघू दे."

शेक टेस्ट म्हणजे सोपी गोष्ट. एकदा गोठलेली लस पुन्हा पातळ झाली तरी पहिल्यासारखी होत नाही. तिच्यातले कण एकमेकांना धरून जड होतात. पॅकला चिकटून दगड झालेली एक कुपी घ्यायची, ती मुठीत धरून वितळवायची. ही झाली नक्की बिघडलेली. तिच्या शेजारी जिच्याबद्दल शंका आहे ती ठेवायची. दोन्ही हलवायच्या आणि बघत बसायचं. दुसरीतला गाळही पहिलीसारखाच भरभर तळाशी बसला, तर तीही गेली. लोकांना वाटतं बिघडलेल्या लशीनं अपाय होतो. तसं नसतं, आणि खरी भीती तीच आहे. ती काहीच करत नाही. मूल रडतं, आई निर्धास्त होऊन घरी जाते, आणि घटसर्पाला दार उघडंच राहतं.

घार खोलीत परतली तेव्हा साहेबांनी फाईल स्वतःकडे ओढली होती. त्यांना पुढची बैठक होती. ताई उठून घारीजवळ खिडकीशी आली, पडदा सारखा करायचं निमित्त करून.

"आई?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"दोन आइसपॅक. फ्रीजरमधून थेट. शेक टेस्ट करताहेत."

ताईनं पडद्याची कड मुठीत धरली. "साहेब जाऊ देत. मग सांगू. कुप्या बदलू, सगळ्यांना पुन्हा टोचू. कुणाचंही काही बिघडणार नाही. पेटीचा यात काय दोष? आईनं बर्फ घातला."

"त्यांनी घातला. आणि रेघ हिरवीच राहिली, ताई."

"घारे, सही होऊ दे. एवढंच म्हणतेय."

"उद्या दुसऱ्या केंद्रावर दुसरी कुणी घालेल. तिची सून नसेल इथे बसलेली."

ताईनं तिच्याकडे असं पाहिलं की घारीला क्षणभर वाटलं, आता हे नातं संपलं. कामावर आणलेली मुलगी, घरात आणलेली सून, आणि आता सही व्हायच्या क्षणी आडवी येणारी ही बया.  सांगून टाकावं असं घारीच्या मनात आलं, आणि सांगितलं तर उद्यापासून एका टेबलावर बसून जेवायचं कसं, असंही आलं. साहेबांनी पेन उघडलं.

टेबलावरचा ताईचा फोन थरथरला. त्यावर नाव आलं, 'आई'.

"घ्या की," साहेब मोकळेपणानं म्हणाले. "स्पीकरवर लावा. टोचणाऱ्या बाईंना कशी वाटली पेटी, तेही ऐकू."

नाही म्हणायला जागा नव्हती. ताईनं बोट ठेवलं.

"साहेब आहेत का तिथं?" सासूनं विचारलं.

"आहे, आहे. बोला."

"बरं झालं. साहेब, लस गोठली. मी तपासली, पातळ दिसत होत्या त्या मधल्या कुप्यासुद्धा गेल्यात. मी पेटीत बर्फ ठेवला होता, कुणाला न विचारता. पॅकना घामही सुटू दिला नाही." तिचा आवाज कोरडा होता, केंद्रावर अहवाल देताना असतो तसा. "सकाळची पहिली रांग फुकट गेली. त्या पोरांना मी पुन्हा टोचीन, घरोघर जाऊन. यात पेटीचा काही दोष नाही. पेटी चांगली आहे. मी हात लावला नसता तर सगळं बरोबर झालं असतं. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

 घारीला सासूचा डाव कळला. म्हातारीनं खरं ते सगळं सांगितलं होतं आणि त्या खऱ्याआड लेकीला लपवलं होतं. सकाळी पेटीत बर्फ लपवला, आता बर्फाच्या मागे लेक.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे पेटी ठीक आहे. माणसानं गोंधळ घातला." त्यांचं पेन अजून उघडंच होतं. "बाईंचं आपण नंतर बघू. वाईट वाटतं, एवढ्या वर्षांची नोकरी."

आता ताईनं फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहायला काय लागतं? घार तिच्याकडे बघत राहिली.

ताई फोनकडे बघत होती. "नाही साहेब," ती म्हणाली.

"काय नाही?"

"पेटी ठीक नाही. माणसं बर्फ घालणारच. भीतीनं घालतील, सवयीनं घालतील. म्हणून तर पाळत ठेवायची. आत लस मरत होती आणि आमची रेघ हिरवी होती, कारण सेन्सर आम्ही मेणात पुरलाय. रेघ चांगली दिसावी म्हणून." तिनं ग्लास उचलला, प्यायली नाही, परत ठेवला. "तुम्ही कमाल म्हणालात ना, तेव्हाच मला कळलं होतं. मी बोलले नाही. ही उठून गेली."

"अगं, गप बस," फोनमधून सासू म्हणाली. "सगळं नीट होत आलं होतं."

"तू गप बस, आई."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते रागावले नाहीत, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. "पेटी माघारी न्या," ते म्हणाले. "कुप्या कशा आहेत हे ज्या दिवशी सांगेल, त्या दिवशी या." फाईल काखेत मारून ते निघून गेले.

ताई आणि घार गाडीनं थेट केंद्रावर गेल्या.  केंद्रातल्या आतल्या खोलीत सासू पोचलेली होती. तिनं जुनी पेटी काढली होती, कडा झिजलेली, बर्फाची. टेबलावर आइसपॅक ओळीनं मांडले होते, अगदी खिडकीसमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. तिघी त्या टेबलाभोवती उभ्या राहिल्या आणि पॅकना घाम सुटायची वाट बघू लागल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

सासूनं एक पॅक उचलून कानाशी हलवला, आणि लेकीच्या कानाशी धरला.

"वाजतंय," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण सासूनं ते न दिसल्यासारखं केलं आणि पेटी भरायला घेतली. घारीनं कुप्यांच्या मधोमध एक साधा तापमापक दोऱ्यानं बांधला.

वस्तीत पहिलंच घर एका दगड फोडणाऱ्या बाईचं होतं. भुवयांवर धूळ, काखेत सकाळी टोचलेलं मूल, मांडीवर अजून कापसाचा बोळा चिकटवलेला. सिस्टरना परत आलेलं बघून ती दारातच उभी राहिली.

"सकाळी दिली ना? आता परत कशाला?"

सासूनं तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली. "सकाळची वाया गेली होती. गोठली होती. पेटी मी बनवलेली आहे. तिनं मला सांगायला हवं होतं, तिनं सांगितलं नाही."

बाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग ही चांगली कशावरून?"

 दोन पेटंटांच्या मालकिणीकडे हिला दाखवायला आता पडदा नव्हता, हिरवी रेघ नव्हती. तिनं आईकडे पाहिलं. सासूनं पिशवीतून सकाळची एक कुपी काढून तिच्या हातात ठेवली, आणि पेटीतून दुसरी, नवी.

ताई उंबऱ्याशी उकिडवी बसली. दोन्ही कुप्या एका मुठीत धरून तिनं जोरानं हलवल्या आणि पायरीच्या दगडावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही सारख्याच पांढुरक्या, ताकासारख्या. बाई मुलाला घेऊन समोर बसली. घारही वाकली. आजवर तिनं या गोष्टीचे आकडे पाहिले होते, गोष्ट पाहिली नव्हती.

ऊन पाठीवर भाजत होतं.  बघता बघता सकाळच्या कुपीत वर पाणी निवळलं आणि तळाशी पांढरा थर बसला. दुसरी तशीच गढूळ उभी होती.

"ही सकाळची?" बाईनं निवळलेल्या कुपीकडे बोट केलं.

"हो."

"आणि ही?"

"ही जिवंत आहे," ताई म्हणाली.

बाई आणखी थोडा वेळ बघत राहिली. तिची खात्री तिला स्वतः करून घ्यायची होती आणि तिला घाई नव्हती. मग तिनं मुलाची मांडी मोकळी केली. "धरा नीट," ती ताईला म्हणाली. "हा लाथा मारतो."

ताईनं असा पाय आयुष्यात कधी धरला नव्हता. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. सासूनं सुई भरली, मूल किंचाळलं, लाथ ताईच्या हनुवटीला लागली. तिनं पाय सोडला नाही.

"झालं," सासू म्हणाली. "चला, पुढचं घर."

ताई उठली, हनुवटी चोळली आणि निवळलेली कुपी आपल्या खिशात टाकली. मग जुन्या पेटीचा एक कान तिनं उचलला आणि घारीकडे बघितलं.

"घारे, दुसरा धर," ती म्हणाली.